जुलैत 'आजची ताजी सुरमई' विकणाऱ्या मालकांना

मालक महाशय,

तुमच्या पुण्यातल्या उंची रेस्टॉरंटमध्ये जुलैत 'मालवणी खाद्यमहोत्सव' भरला होता. दारातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मालवणच्या किनाऱ्यावरून आजच आलेली सुरमई'. आजच? कुठल्या बोटीतून, तेवढं सांगाल का? १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचे दिवस, म्हणून आमच्याकडचे ट्रॉलर ओढून ठेवलेले असतात. खलाशी घरी बसतो, घर उसनवारीवर चालतं. त्याने हे सोसायचं आणि तुम्ही त्याच दिवसांत, त्याच्याच गावाचं नाव लावून, बर्फातली सुरमई 'ताजी' म्हणून खपवायची! बर्फातला मासा विकायला कुणाची ना नाही. पण तसं सांगून विका.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पावसाळ्यात मालवणी स्वयंपाकघर ओस पडत नाही हो. उन्हाळ्यात कडकडीत वाळवून ठेवलेले सुके बांगडे, सोडे, सुकट डब्यांतून बाहेर निघतात. सुकट खरपूस भाजायची, ओलं खोबरं आणि कांदा हाताने चुरडून तिच्यात मिसळायचा, वर कोकमाचं आगळ, झालं किसमूर. जोडीला पहिल्या पावसात उगवलेला टाकळा, फणसाच्या आठळ्या, कुळथाची पिठी आणि वाफाळता भात. तुमच्या अडीच हजारांच्या थाळीत यातलं काही म्हणजे काही नव्हतं. विचारलं तर तुमचे मॅनेजर म्हणाले, "सर, सुकटीचा वास गेस्टना चालत नाही." ज्यांच्या घरातला वास चालत नाही, त्यांच्या गावाचं नाव बरं चालतं तुम्हाला!

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाचा पत्ता नव्हता. सोलकढीला बिटाचा भडक रंग आणि व्हिनेगरची चव. बिलात वर १० टक्के सेवाशुल्क, न विचारता. ते असं परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच बजावलंय, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. मी ते काढायला लावलं. बाकीची टेबलं मुकाट्याने पैसे भरून गेली.

तेव्हा आधी फळ्यावरची ती ओळ पुसा. पुढच्या जुलैत पुन्हा महोत्सव भरवणार असाल, तर सुकी मासळी किनाऱ्यावर ती वाळवणाऱ्या बायकांकडून, रोख पैसे मोजून घ्या. त्यांच्यातल्याच एखादीला स्वयंपाकाला बोलवा, तुमच्या शेफइतकंच मानधन द्या आणि तिच्या हाताखाली शेफना उभं करा. सुकटीचा वास दारापर्यंत आला पाहिजे. मग अडीच हजार मी आनंदाने मोजीन.

एक मालवणी गिऱ्हाईक