साडेपाचशे शब्दांचा हिशोब

परवा दुपारी फोन आला. "साडेपाचशेच तर शब्द आहेत. बसलात की तासाभरात होईल. आज पान लागतंय, सहापर्यंत मॅटर टाका." मी नाही म्हणालो. समोरचा माणूस दुखावला.

त्याचं दुखावणं समजलं, हिशोब पटला नाही. साडेपाचशे शब्द टाइप करायला मला चाळीस मिनिटं लागतात. लेखाला सहा तास लागतात. मधले तास कुठे जातात, ते एकदा नीट सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या पाण्यावर लिहीत होतो. पहिल्या खर्ड्यात वाक्य आलं : 'परिसरातील पाणीपुरवठा सुरळीत नसल्याने नागरिकांना गैरसोयीला सामोरे जावे लागत आहे.' अर्ध्या मिनिटात उतरलं, कारण असली वाक्यं आपल्याला पाठ असतात. कुठल्याही गावाला आणि कुठल्याही वर्षी चालतील अशी. खोडलं. खोडल्याबरोबर प्रश्न उभे राहिले. कुठल्या गल्लीत? किती वाजता येतं? किती वेळ टिकतं? चपला घातल्या आणि तीन घरी जाऊन आलो. पहिल्या घरी मोटार होती, त्यांची तक्रारच नव्हती. दुसऱ्या घरी टँकर मागवत होते. तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या, "रात्री अडीचला येतं रे बाबा, पाऊण तास. मी गजर लावून झोपते."

परत येऊन लिहिलं : 'शेवटच्या गल्लीत पाणी रात्री अडीचला येतं, म्हणून सत्तरीच्या आजी गजर लावून उठतात.' दोन्ही वाक्यांची लांबी जवळपास सारखीच. पहिल्याला अर्धं मिनिट लागलं, दुसऱ्याला सव्वा तास. शब्द मोजून वेळ ठरवणाऱ्यांनी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघावीत.

तारखांचंही तेच. ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो, कारण १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' या वृत्तपत्राचा पहिला अंक मुंबईत निघाला. एवढं पक्कं आहे. पण त्याच दिवशी 'दर्पण'चे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांची जयंतीही असल्याचं बिनधास्त छापून येतं. जन्मतारीख म्हणून कुठे ६ जानेवारी १८१२ दिसते, कुठे २० फेब्रुवारी १८१२. हाताला आधी लागेल ती तारीख उचलायला दहा सेकंद पुरतात. मी कपाटातून पुस्तकं काढली, दोन्ही तारखा समोरासमोर ठेवल्या आणि शेवटी जांभेकरांवरच्या लेखात 'जन्म १८१२, पोंभुर्ले' एवढंच राहू दिलं. तासभर घालवून एक तारीख गाळली. वाचकाला तो तास कधी दिसणार नाही, आणि दिसायची गरजही नाही.

'दर्पण' आधी पाक्षिक होतं, १८३२ मध्येच ते साप्ताहिक झालं. मराठी आणि इंग्रजी मजकूर त्यात शेजारी शेजारी छापला जाई, आणि संपादक जेमतेम विशीतला होता. अशा माणसावर लिहिताना तारीख अंदाजाने ठोकून देणं हा करंटेपणा आहे.

उरलेला वेळ काटछाटीत जातो. माझा पहिला खर्डा नऊशे शब्दांपर्यंत जातो. त्यातून सगळ्यात आधी 'सर्वांनाच ठाऊक आहे' आणि 'असे म्हटले जाते' यांना बाहेर काढतो. कोण म्हणतं ते माहीत असेल तर त्याचं नाव लिहावं. माहीत नसेल तर वाक्यच काढावं. मग सगळं मोठ्याने वाचतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी आणखी दोन चुका हमखास सापडतात.

हल्ली आणखी एक ऐकायला मिळतं : आता मिनिटात लेख करून देणारी यंत्रं आलीत, सहा तास कशाला हवेत? ते गैरसोयीचं वाक्य यंत्र मिनिटही न लावता देईल. आजींच्या दाराची कडी मात्र कुणीतरी जाऊन वाजवावी लागते.

म्हणून लेख मागणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. चार दिवस आधी सांगा. शब्दसंख्येबरोबर मानधनाचा आकडाही त्याच फोनवर सांगा. एका तासाच्या मोलाने सहा तासांचं काम मागू नका. तासाभरात लेख मिळेल, पण त्यात पाठ असलेली वाक्यंच येतील, आणि ती तुमच्या पानावर तुमच्या नावाने जातील.

नव्याने लिहिणाऱ्या पोरापोरींनी वेळ लागतो म्हणून मनाला लावून घेऊ नये. तुम्ही मंद नाही. तुम्ही विचारायला जाताय, पडताळून बघताय, आणि लिहिण्याचं खरं काम तेच आहे.

आणि वाचकहो, हा मजकूर तुम्ही चार-पाच मिनिटांत वाचलात. त्यात एखादी तारीख, एखादं नाव चुकलेलं आढळलं तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती याच जागी, पहिल्या ओळीत छापीन.