चिपाडं, अमृतजल आणि ४०३वाले भाऊ

– अहो काकू, ऐकलंत का? ४०३वाले भाऊ काल पकडले गेले!

– अगंबाई! कशात?

– उसाच्या रसात. आधी ती वाळत घातलेली चादर जरा बाजूला सारा, तोंडच दिसत नाही तुमचं. हां. गच्चीवरच्या बागेला चिपाडं आणायची पाळी भाऊंनी आपणहून घेतली होती ना? सोसायटीसाठी किती झटतात, असं आपणच म्हणत होतो. रोज संध्याकाळी रसवंतीवर जायचं, पोतं भरून आणायचं. डायबेटिसचा माणूस! काल वहिनी मागोमाग गेल्या, तर हे बर्फ घातलेला फुल ग्लास तोंडाला लावून उभे!

– पण चिपाडं हवीतच कशाला? चांगली टेम्पोभर माती आणली होती की.

– तुम्ही गावाला होतात तेव्हा. इंजिनिअर आला आणि डोक्यालाच हात लावला त्याने. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ५०० किलो, आणि गच्चीचा हिशेब धरलेला १५०चा! ७०२च्या बाईंना तिथेच घाम फुटला, त्यांच्याच डोक्यावर ना सगळं. मग माती परत खाली. हमाली दोनदा. सेक्रेटरींना खर्चाचं विचारून बघा, लगेच विषय बदलून पाणीपट्टीवर येतात.

– मग आता?

– आता पालापाचोळा, चिपाडं आणि नावाला माती. कोल्हापूरच्या दाभोलकर सरांची अमृतमाती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटलांनी याच वाटेने बाग फुलवली, स्वयंपाकघरातला कचरा तिथेच जिरवून. वजनाला हलकी हो अगदी.

– आणि लिफ्टमधला तो वास?

– अमृतजल! १० लिटर पाणी, किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. ३ दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून झाडांना. २०१च्या पोराने बादली लिफ्टमधून नेली आणि हिंदकळली. नेमके त्याच दिवशी ७०२च्या मुलीला बघायला पाहुणे!

– अरे देवा. फिस्कटलं?

– छे! मुलाची आई वर जाऊन वांगी बघून आली. येताना चार तोडूनही आणली. ती आता बागेच्या वहीत कोणाच्या नावावर लिहायची, यावर परवा अर्धा तास मीटिंग चालली.

– ७०२च्याच लिहा की. बरं, तू वर चालली आहेस तर कढीपत्त्याच्या दोन काड्या आण गं. आणि वहीत नको लिहूस, फोडणीपुरत्याच आहेत.