सर्वशक्तिमानांना सापगावहून अनावृत पत्र

प्रति,
श्री. सर्वशक्तिमान परमेश्वर,
मुक्काम सर्वत्र (म्हणून पिनकोड लिहिलेला नाही).

साष्टांग दंडवत. पत्रास कारण की, स्वतःलाही उचलता येणार नाही असा धोंडा आपण घडवू शकता का, असे विद्वान मंडळी शेकडो वर्षे आपल्याला विचारत आहेत. हो म्हणालात तर उचलण्याची शक्ती गेली, नाही म्हणालात तर घडवण्याची. आमची अडचण धोंड्याची नाही. ते इथल्या माहुली गडावर हवे तेवढे आहेत. इकडे मिरगाच्या तोंडावर वीटभट्टीवाला कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून नवस बोलतो आणि शेजारचा शेतकरी भाताचा पेरा साधावा म्हणून. एकाच बांधावर एकाच घटकेला पाऊस पडावा आणि पडू नये, हे आपल्यालाही जमणार नाही. त्यात कमीपणा काही नाही. जे करायचे म्हणजे नेमके काय करायचे हेच सांगता येत नाही, ते राहून गेले असे कोण म्हणेल?

पुरावा आपल्याच दप्तरात आहे. हिरण्यकशिपूला वर होता: मरण माणसाकडून नाही, पशूकडून नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. तर्क आपल्याला लागू नसता, तर भर दुपारी अंगणात त्याला मारून ‘वरही शाबूत आहे’ असे सांगून मोकळे झाला असता. आपण मात्र नरसिंह झालात, तिन्हीसांजेची वेळ साधलीत आणि त्याला उंबरठ्यावर घेतलेत. अशी पळवाट शहापूरच्या कोर्टात मुरलेल्या वकिलालाही सुचायची नाही. आता कोणी चमत्कार पुढे करील. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, भिंत चालवली. पण भिंत त्याच क्षणी चालली आणि चाललीही नाही, असे एकाही कीर्तनकाराने सांगितलेले नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त मात्र म्हणे, तर्काचे नियमही देवाच्याच मर्जीचे. तसे असेल तर आपले वचन पाळलेले आणि मोडलेले एकाच वेळी असू शकेल. मग नवस बोलायचा तरी कोणाच्या भरवशावर?

तेवढ्यावरून सगळेच अर्ज अशक्य म्हणून निकाली काढू नयेत. भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरणही भरलेले आणि हंडाही भरलेला, यात तर्काला खटकावे असे काडीचेही नाही. या पत्राची प्रत पाटबंधारे खात्यालाही पाठवत आहे. सर्वशक्तिमान असल्याचा त्यांचा दावा नाही, त्यामुळे त्यांना सबबी अधिक सुचतील. आपल्याला ‘अशक्य’ ही एक तरी वापरता येणार नाही.

कळावे,
एक सापगावकर