वयोगट 45 ते 55, हिरोची आई

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, अभिनय. त्यानंतर ‘वा, छान!’ म्हणताना प्रत्येकाने जो केला, तो खरा अभिनय.

माझी मात्र खात्री होती. पासबुकाचं मशीन बंद आणि समोर पेन्शनरांची रांग, अशा वेळी हसतमुख राहायचं. घरी आल्यावर सासूबाईंच्या भाजीला ‘आज वेगळी लागतेय’ म्हणायचं. एवढी तालीम कुठल्या नाट्यशाळेत करून घेतात? आता फक्त कॅमेरा लावायचा बाकी होता.

हिरोच्या आईच्या कामासाठी प्रोफाइल पाठवली. समोरून, डावीकडून, उजवीकडून असे फोटो आणि मिनिटभराचा इंट्रो. एका कोऑर्डिनेटरचा फोन आला, “ताई, तुम्ही फार फ्रेश दिसता हो. आईसाठी जरा थकलेला चेहरा हवाय.” मी काम गेल्याचं दुःख बाजूला ठेवून ‘फ्रेश’ हा शब्द आधी बहिणीला कळवला, मग भिशीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर अंगठे उमटत होते तेवढ्यात दुसऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन. “आईचं झालं लॉक. पण तुम्ही आजीला चालाल.” हे मी कुणाला कळवलं नाही.

तसं हिरोची आई व्हायला वय लागतच नाही. रीमा लागूही एके काळी बँकेत नोकरी करत होत्या, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात सहकारी मानते. ‘मैंने प्यार किया’ 1989 मध्ये आला तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा मुलगा सलमान 24 वर्षांचा. या हिशेबाने मी आईच्या कामाला वीस वर्षं उशिरा पोचले.

ऑडिशन हल्ली घरीच करून पाठवायची असते. समोरच्या पात्राचे संवाद म्हणायला, म्हणजे क्यू द्यायला, माणूस लागतो. आमच्याकडे नवरा आहे. तो जगातले सगळे संवाद वीजबिल वाचावं तसे वाचतो.

“रागाने. या घरात परत पाऊल ठेवायचं नाही. हुंदका देऊन आत जाते.”

“अरे, कंसातलं वाचायचं नसतं!”

“मग छापतात कशाला?”

अशा वेळी मला फाळके आठवतात. खरं सांगायचं तर मला फाळके कधीही आठवतात; घरच्यांनी आता त्याची सवय करून घेतली आहे. दादासाहेबांचा जन्म 1870 चा आणि ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला 3 मे 1913 रोजी. म्हणजे वय 43! आपला सिनेमा जन्मला तोच मुळी एका चाळिशी उलटलेल्या गृहस्थाच्या डोक्यातून. आधी फोटोग्राफी झाली होती, छापखाना झाला होता, भागीदारी फिसकटली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून हा माणूस 1912 मध्ये लंडनला गेला आणि कॅमेरा घेऊन आला. पैसेवाल्यांना पटवायला त्याने कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोपटं कसं वाढतं ते चित्रित करून दाखवलं. भांडवल हवं म्हणून वाटाणा! मी तो प्रयोग मोबाइलवर मटकीचा करून पाहिला. रात्रभर फोन स्टँडला लावून ठेवला. सकाळी सासूबाईंनी चौकशी न करता नायिकेची उसळ केली.

पण माझा खरा जीव आहे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळक्यांवर. युनिटचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोकं पाडायला त्या शिकल्या आणि दागिनेही त्यांचेच गेले. तारामती व्हायला बाई मिळेना तेव्हा दादासाहेबांनी त्यांनाच गळ घातली, असं सांगतात. त्यांनी नकार दिला. एवढं सगळं आवरून वर रोहिदासासाठी टाहो कोण फोडणार? शेवटी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाईला वेळ नाही म्हणून बाईचं काम पुरुषाला करावं लागलं, असं आपल्याकडे त्यानंतर फारसं घडलेलं नाही.

चाळिशीनंतर एकाला वेड लागायचं तर घरात दुसऱ्या कुणालातरी शहाणं राहावं लागतं. डॉक्टर श्रीराम लागूंनी 1969 मध्ये, बेचाळिशीत, चालती वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. त्याला आपण धाडस म्हणतो, आणि ते होतंच. मला मात्र भेटेल तो विचारतो, “वेळ छान जात असेल ना?” या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. वेळ घालवायचा असता तर मी स्वेटर विणला असता. तो निदान कुणी एडिटमध्ये कापला नसता.

शेवटी मालिकेत एक काम मिळालं. हिरोच्या मैत्रिणीची मावशी. संवाद, “चहा घ्या.” ट्रे कसा धरायचा हे मला माझ्या मुलीच्या वयाच्या असिस्टंटने समजावलं. मी ऐकून घेतलं. पण कप रिकामे होते. हिरोने दोन बोटांनी कप असा उचलला की फुंकर मारली असती तर उडाला असता. मला राहवेना. म्हटलं, “कपात पाणी घाला हो, नाहीतर मनगट खोटं बोलतं.” सेटवर शांतता. मला वाटलं, मावशी आता पहिल्याच भागात काशीयात्रेला जाणार. दिग्दर्शकाने मॉनिटरकडे पाहिलं आणि स्पॉटदादाला सांगितलं, “भर पाणी.” पुढच्या टेकला मनगट किंचित वाकलं. एवढी वर्षं घरात चहाचे कप भरत आले, त्यांतल्या एकाही कपाची अशी कुणी दखल घेतली नव्हती. मला उगीचच भरून आलं, तर मेकअपदादा ओरडले, “ताई, काजळ!”

भाग लागला. पडद्यावर माझा हात आला. कोपरापर्यंत. नणंदेने बांगडीवरून ओळखला.

पैसे 90 दिवसांनी मिळतील म्हणाले. तोवर स्वतःचीच शॉर्टफिल्म करायची असं मी ठरवलं आणि रात्री जेवताना नवऱ्याजवळ मुदतठेवीचा विषय काढला. तो नुसता जेवत राहिला.

म्हटलं, “सरस्वतीबाईंनी दागिने दिले होते.”

“माझ्याकडे एकच अंगठी आहे,” तो बोट पुढे करत म्हणाला, “आणि ती आता निघत नाही.”

हे वाक्य मात्र त्याने अगदी नेमका भाव देऊन म्हटलं. कंसात काही लिहिलेलं नसताना.