पासवर्ड बरोबर, पुढे अंधार

लॅपटॉप मुळात सुरूच झाला नाही, तर आपण फारसं मनाला लावून घेत नाही. जुना झाला होता, गेला, म्हणतो. पण आधी पासवर्ड विचारायचा, तो बरोबर असल्याचं मान्य करायचं, नाव घेऊन स्वागत करायचं आणि मग काळाकुट्ट पडदा दाखवायचा, ही तऱ्हा ओळखीची आहे. अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. साहेब मात्र जागेवर नाहीत.

आणि बऱ्याचदा झालेलंही नेमकं तेच असतं. विंडोजमध्ये लॉगिन झालं की ‘एक्सप्लोरर’ नावाचा प्रोग्रॅम उठतो आणि टास्कबार, आयकॉन वगैरे मांडून ठेवतो. तो उठलाच नाही, तर फायली जागच्या जागी, मशीन ठणठणीत, पण समोर काळोख आणि त्यात एकटाच भटकणारा माऊसचा बाण. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडला, तर नवीन टास्कमध्ये ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ लिहावं. साहेब येतात. कधी गडबड ग्राफिक्स ड्रायव्हरची असते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की तो बीप करून पुन्हा कामाला लागतो. कधी तर चित्र शाबूत असतं, फक्त दुसऱ्या स्क्रीनवर निघालेलं असतं. त्यासाठी विंडोज आणि पी. यातलं काहीच चाललं नाही, तर सेफ मोड आहे.

पण दोन मिनिटांत आणि फुकटात दुरुस्त होणाऱ्या आजाराला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. दुकानातला तज्ज्ञ आधी लॅपटॉप उलटा करतो, खालचं स्टिकर वाचतो, एक सुस्कारा सोडतो आणि ‘मदरबोर्ड’ एवढाच शब्द उच्चारतो. समोरच्याचा चेहरा पुरेसा पांढरा पडला, की मोठ्या मनानं फॉरमॅटवर तडजोड करतो. ताप, खोकला, मोडलेला पाय, सगळ्यावर फॉरमॅट. डेस्कटॉपवर ठेवलेले मुंजीचे फोटो सी ड्राइव्हमध्येच असतात, हे ज्ञान आपल्याला नंतर होतं. ‘बॅकअप नव्हता?’ असं तो विचारतो, तेही आपलीच काळजी वाहिल्याच्या सुरात.

घाईचं निदान ही केवळ आपली मक्तेदारी नव्हे. 2009 च्या नोव्हेंबरात प्रेव्हएक्स या ब्रिटिश सुरक्षा कंपनीनं काळ्या पडद्याचं खापर मायक्रोसॉफ्टच्या ताज्या अपडेटांवर फोडलं. मायक्रोसॉफ्टनं तपासून नकार दिला आणि थोड्याच दिवसांत प्रेव्हएक्सनं चक्क माफी मागितली. आमच्या गल्लीत अशी प्रथा पडली, तर अर्धी दुकानं माफीनाम्यांच्या झेरॉक्सवरच चालतील.

आता रंगाचाही आधार उरला नाही. विंडोज कोसळलं की येणारा तो निळा पडदा, त्यावर विंडोज 8 पासून एक रडका चेहराही असे. म्हणजे निदान दुःखात कुणीतरी सोबत होतं. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 मधला तो पडदा काळा केला आणि चेहराही काढून टाकला. त्यावर चार अक्षरं तरी असतात. लॉगिननंतरच्या अंधारात तीही नाहीत.

ज्यांचा लॅपटॉप कंपनीचा असतो, त्यांना दुकानाची पायरी चढावी लागत नाही. त्यांना हेल्पडेस्क असतो. फोन लावला की एक गोड आवाज सांगतो, कृपया पोर्टलवर लॉगिन करून तिकीट काढा. पोर्टल त्याच लॅपटॉपवर. शेजारच्याच्या मशीनवरून कसंबसं तिकीट काढावं, तर फॉर्ममध्ये लाल तारांकित रकाना: समस्येचा स्क्रीनशॉट जोडा. एका हुशार कारकुनानं मोबाईलनं काळ्या पडद्याचा फोटो काढून जोडला. उत्तर आलं, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. त्यानं मग कोरा काळा चौकोन जोडला. तो मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी तिकीट बंद. शेरा: ‘वापरकर्त्यास ईमेल पाठवून सूचना कळवल्या आहेत.’