एका नादाची कैफियत

गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानातून गहू आणण्याच्या कामगिरीवर माझी पिशवीसह रवानगी झाली असता, वाटेतल्या रद्दीवाल्याच्या तराजूत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे जाडजूड पुनर्मुद्रण पडलेले दिसले, आणि गव्हाची रक्कम परस्पर त्या खाती जमा झाली. घरी पिशवीत डोकावून सौ.ने एवढेच विचारले, "अहो, हे गिरणीत दळून देतात का?" आणि वळता वळता ती पुटपुटली, "एकेकाचा नाद!"

उद्गारातला दंश सोडून मी त्यातल्या शब्दामागे लागलो. संस्कृतात नाद म्हणजे निव्वळ ध्वनी. मराठीत मात्र घंटेला नाद असतो तसा माणसाला पत्त्यांचाही असतो. पारध्याच्या गाण्याला भुलून जागीच खिळणारे आणि प्राणास मुकणारे हरिण जुन्या काव्यांत वारंवार भेटते. अर्थाचे स्थलांतर त्याच्याच वाटेने झाले असावे असा माझा तर्क आहे, आणि पुराव्याअभावी तो कोणी फेटाळल्यास माझी तक्रार नाही. शेजारचा 'छंद' त्या मानाने नशीबवान. वृत्त आणि इच्छा असे दोन्ही अर्थ घेऊन तो संस्कृतातून आला आणि तिकिटे जमवणाऱ्यांच्या घरी सुखाने राहिला. पण 'छंदीफंदी' म्हटले की त्याचीही अब्रू गेलीच. कोल्हापूरकरांनी तर नाद आणि खूळ हे दोन्ही बदनाम इसम एकत्र नांदवून 'नाद खुळा' अशी तोंडभर प्रशंसा घडवली आहे.

'व्यसन' शब्दात 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू असल्याने, कोणीतरी कोठेतरी भिरकावले जाणार हे त्यात ठरलेलेच. मनूने राजाला वर्ज्य सांगितलेल्या १८ व्यसनांपैकी १० कामातून आणि ८ क्रोधातून उपजतात, आणि त्या दहांत मृगया, द्यूत नि मद्य यांच्या पंक्तीला दिवसाची झोप, परनिंदा आणि निरर्थक भटकंतीही बसलेली आहे. कोशखरेदी मात्र त्यात कोठेही नाही, हे मी रीतसर सौ.च्या निदर्शनास आणले.

तिने सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली. "झोप, निंदा, भटकंती; तीन तर झालीच की तुमची," ती म्हणाली, "आणि त्या राजाला निदान राज्य तरी होते."

गहू दुसऱ्या दिवशी तिनेच आणले. पिशवी कोशाने अडवल्यामुळे, उशीच्या अभ्र्यातून.