नावडतीचं गाणं

आवडतं गाणं कोणतं, असं मराठी माणसाला विचारलं की तो आधी समोर कोण बसलंय ते पाहतो. समोर व्याही असतील तर गीतरामायण. व्याही गाणं शिकलेले निघाले तर कुमारजी, आणि वर 'निर्गुणी भजनं ऐकावीत ती त्यांचीच' अशी पुस्ती. खरं उत्तर वरातीत मिळतं, पण तिथं कुणी विचारत नाही.

नावडत्या गाण्याबद्दल मात्र माणूस मोकळा होतो. आमच्या सोसायटीतले एक काका 'झिंगाट'चे कट्टर विरोधक. 'सैराट' आला 2016 साली. तेव्हापासून काकांचा निषेध अखंड सुरू आहे. आक्षेप तपशीलवार असतात. दुसऱ्या कडव्यात काय दिवे लावलेत, ठेका कुठं अंगावर येतो, सगळं तोंडपाठ. एवढा अभ्यास भीमपलासाचा केला असता तर एव्हाना सवाई गंधर्वला बसले असते. आणि हे सगळं बोलताना उजव्या पायाचा अंगठा चपलेत त्याच ठेक्यावर हलत असतो. याच सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला होता, हे कुणीतरी सांगितल्यावर काका बरेच अस्वस्थ झाले. एवढी व्हायोलिनं वाजली म्हटल्यावर थिल्लर म्हणायचं कसं? शेवटी तोडगा निघाला. "'याड लागलं' ऐकवतं हो. ते दुसरं नाही."

नावड सरकारी पातळीवर नेण्याचा मानही मराठी माणसाचाच. डॉ. बा. वि. केसकर 1952 साली नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीचं दार जवळजवळ बंद झालं. देशानं शास्त्रीय संगीत ऐकावं, ही तळमळ. (पेटीवर तर 1940 पासूनच बंदी होती. पेटीवाले बिचारे आधीच बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना सोबत मिळाली.) देशानं मंत्रिमहोदयांचं ऐकून घेतलं आणि रेडिओचा काटा सिलोनवर नेऊन ठेवला. तिथं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. सुसंस्कृतपणाच्या आग्रहातून एका टूथपेस्टची एवढी जाहिरात जगात दुसरीकडे झाली नसेल. 1957 साली सरकारनंच 'विविध भारती' काढली. हरलो, असं अर्थातच कुणी म्हणालं नाही.

यंदा आमच्या गणेशोत्सव समितीनंही 'मिरवणुकीत फक्त अभिरुचीसंपन्न गाणी' असा ठराव एकमतानं केला. यादी करायला काका बसले. त्यात दादा कोंडक्यांच्या सिनेमांतली चार गाणी पाहून मी चाट पडलो. ही लागली की एके काळी आमच्या घरी रेडिओचा कान पिळला जायचा. "जुनी आहेत, निर्मळ आहेत," काका म्हणाले. गाण्याचा चावटपणा तीस-चाळीस वर्षांत आपोआप फिटतो, त्याला वेगळा अर्ज करावा लागत नाही.

यादी बेंजोवाल्याच्या हातात दिली. त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. कोंडक्यांपाशी जरासा हसला आणि भावगीतांपाशी थांबला.

"वाजवतो की. पण यावर पोरं निघून जातात. मग गाडी ढकलणार कोण?"

समितीची तातडीची बैठक जागच्या जागी, जिन्यातच झाली. ठराव दुरुस्त झाला: गेटपर्यंत भावगीतं, गेटबाहेर बेंजोवाल्याची मर्जी. सूचक सेक्रेटरी, अनुमोदन काकांचं.